वर्गणीची दूरचित्रवाणी : नागरवाड्यातून मांडलेला इतिहास

चिं. वि. जोशी बडोदे कॉलेजात पाली शिकवत आणि पुढे संस्थानच्या दफ्तराचे काम पाहत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या कितीतरी गोष्टी त्यांनी या गावात राहून लिहिल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने त्यावर मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याच्या घरांत ती आवडीने पाहिली गेली. बडोद्यात मात्र ती दिसली नाही. त्या काळचे प्रक्षेपण मनोऱ्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे पोचत नसे, आणि मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटर. नागरवाडा, सलाटवाडा, रावपुरा, दांडिया बाजार इथल्या मराठी घरांना चिमणराव पडद्यावर कसे दिसतात हे कळायचे ते दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांकडून, नाहीतर मे महिन्याच्या सुटीत तिकडे गेल्यावर.

स्मरणिकेसाठी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी दरमहा पैसे भरून पाहायची दूरचित्रवाणी ही संस्था निवडली. तिला आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाशी तिचे नाते इतर कोणत्याही प्रसारमाध्यमापेक्षा वेगळे आहे. सरकारी मनोऱ्याला राज्याची हद्द असते, जाहिरातदाराला त्याच्या बाजारपेठेची. वर्गणी घेणाऱ्याला मात्र घर कुठल्या राज्यात आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. पैसे आले की तो घर जोडतो. आपल्या भाषेची वाहिनी बडोद्यात आली ती या वाटेने. ती वाट दूरवर कशी तयार झाली, आपल्या गल्लीपर्यंत कशी आली आणि मध्ये कुठे अडली, एवढे इथे मांडायचे आहे.

बडोद्यात चित्रे फुकट दाखवण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि ती आधी सांगितली पाहिजे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानच्या ग्रंथालय खात्याची घडी बसवली. त्या खात्यात पुढच्या काही वर्षांतच दृश्यशिक्षणाची एक शाखा निघाली. जादूचा कंदील आणि सिनेमाचे यंत्र घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात आणि लोकांना खेळ दाखवत. तिकीट नसे. ग्रंथालयांचे क्युरेटर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये या साऱ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. चित्र हे शिक्षणाचे साधन आहे आणि त्याचा खर्च दरबाराने करायचा, ही त्यामागची धारणा मला आजही थोर वाटते. स्वतंत्र भारतात दूरदर्शन आले ते याच धारणेवर. देणाऱ्याने ठरवायचे, घेणाऱ्याने पाहायचे. सयाजीरावांनी निदान प्रजेच्या भाषांचे भान ठेवले होते. त्यांच्या ग्रंथालय खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर छापत असे.

पैसे घेऊन घरात चित्र पोचवण्याचा पहिला मोठा प्रयोग १९५१ च्या जानेवारीत शिकागोत झाला. झेनिथ कंपनीने तीनशे कुटुंबे निवडली. त्यांच्या पडद्यावर चित्रपट मुद्दाम बिघडवलेल्या रूपात येई. टेलिफोनवरून मागणी केली की तारेतून संकेत येऊन चित्र सरळ होई, आणि एका चित्रपटाचा एक डॉलर टेलिफोनच्या बिलात चढे. नव्वद दिवसांत प्रयोग संपला. पुढच्या वीस वर्षांत असे आणखी प्रयत्न झाले आणि बहुतेक बुडाले. चित्रपटगृहांच्या मालकांचा विरोध तीव्र होता, आणि जे फुकट येते त्याला पैसे का मोजायचे, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नव्हते.

उत्तर सापडले ते १९७२ मध्ये. त्या वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर सव्वा महिन्याने, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या कोळसा खाणींच्या गावात होम बॉक्स ऑफिस म्हणजे एचबीओ ही वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सस्क्वेहाना नदीच्या पुराने ते गाव उद्ध्वस्त झाले होते. आपल्या विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्यांना असे गाव सावरायला किती दिवस लागतात हे वेगळे सांगायला नको. पहिल्या रात्री ३६५ घरे जोडलेली होती. न्यूयॉर्कहून आइस हॉकीचा सामना दाखवला आणि त्यानंतर पॉल न्यूमनचा एक चित्रपट. चार्ल्स डोलन यांची ही कल्पना. जाहिराती नाहीत, चित्रपट काटछाट न करता, आणि केबलच्या नेहमीच्या पैशांवर महिन्याला काही डॉलर जास्त. आज ही मांडणी साधी वाटते, पण त्यात व्यवहाराचे मूळच बदलले होते. जाहिरातीवर चालणारी वाहिनी प्रेक्षकांचे लक्ष जाहिरातदाराला विकते, म्हणून तिला एकाच वेळी शक्य तितके जास्त लोक हवे असतात. वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीला महिनाअखेरीस घरातल्या माणसाने ‘ही असू दे’ म्हणावे एवढेच हवे असते. थोड्यांना फार आवडणारी गोष्टही तिला परवडते.

हे ‘असू दे’ मिळवणे मात्र सोपे नव्हते. सुरुवातीच्या एचबीओला गळतीने पछाडले होते. लोक वर्गणी भरत, महिना-दोन महिन्यांत तेच तेच चित्रपट पाहून कंटाळत आणि जोडणी काढून टाकत. वाहिनी तगली ती उपग्रहामुळे. १९७५ च्या ३० सप्टेंबरच्या रात्री मनिलातली मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची लढत उपग्रहावरून थेट फ्लोरिडा आणि मिसिसिपीतल्या केबलच्या घरांत पोचली. तोवर एचबीओचे चित्र सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांवरून टप्प्याटप्प्याने जात असे. आता ज्या गावात उपग्रहाची छत्री बसेल त्या गावात वाहिनी पोचू शकत होती.

त्याच वर्षी १ ऑगस्टला भारताचा उपग्रह-दूरचित्रवाणीचा ‘साइट’ प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकेकडून वर्षभरासाठी घेतलेला एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातली इस्रोची माणसे. शेती, आरोग्य, शाळा हे विषय. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या पीज या गावी एक छोटा मनोरा उभा राहिला आणि चरोतरच्या शेतकऱ्यांना त्यांच्या बोलीत, त्यांच्या प्रश्नांवर कार्यक्रम दिसू लागले. खेडा प्रकल्पाची जगभर वाखाणणी झाली, आणि ती योग्यच होती. दोन महिन्यांच्या अंतराने दोन देशांनी उपग्रह दोन कामांना लावला. आपण चावडीवरच्या सार्वजनिक संचासाठी, त्यांनी दिवाणखान्यातल्या वर्गणीदारासाठी. सोळा-सतरा वर्षांनी हे दोन्ही प्रवाह आपल्या गच्च्यांवर एकत्र आले.

मधली वर्षे आपल्या पिढीला पाठ आहेत. १९८२ च्या एशियाडचा रंग, १९८४ पासून गावोगावचे छोटे मनोरे, आपल्याच गुजरातेतल्या उमरगावला चित्रित झालेले ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले तेव्हा ओस पडलेले रस्ते. टीव्हीसाठी पूर्वी वार्षिक परवाना काढावा लागे. तो ऐंशीच्या दशकात रद्द झाला आणि दूरदर्शन पूर्णपणे सरकार आणि जाहिरातदार यांच्या खर्चाने चालू लागले. दिल्लीहून हिंदी, अहमदाबादहून गुजराती. या दोन्हींवर आपले मनापासून प्रेम आहे. मराठी मात्र त्यात कुठेच नव्हती. ती मिळे व्हिडिओ कॅसेटच्या लायब्ररीत. शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन कॅसेट आणायच्या, त्यांतली एक मराठी मिळाली तर शेजारच्यांनाही बोलवायचे. शहरांमधल्या पहिल्या केबलवाल्यांनीही असेच एक यंत्र घेऊन, त्याला तार जोडून, गल्लीतल्या घरांना रोज एक-दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि महिन्याचे पैसे घेतले. भारतातली वर्गणीची दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने इथे जन्मली. मोठ्या कंपन्या नंतर आल्या, आधी आली ती गल्लीतली तार.

उपग्रहावरून थेट दाखवल्या गेलेल्या १९९१ च्या आखाती युद्धाने आणि त्याच वर्षी हाँगकाँगहून सुरू झालेल्या स्टार टीव्हीने या तारेला आकाश मिळाले. एशियासॅट-१ या उपग्रहाची छाया भारतावर पडत होती. मोठी छत्री घेतली की बीबीसी, एमटीव्ही, खेळ, सारे खाली उतरत होते. २ ऑक्टोबर १९९२ ला त्याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाला. छत्री आणि तार यांच्यावर कायदा यायला आणखी दोन-तीन वर्षे लागली. १९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही असा निकाल दिला.

नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत ही तार ओढणे सोपे काम नव्हते. पोळींमधून म्हणजे अरुंद गल्ल्यांमधून, गॅलरीच्या कठड्यांवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाड काळी तार जाई, ठरावीक अंतरावर चित्र उचलून धरणारा अ‍ॅम्प्लिफायर. वीज गेली की त्या टप्प्यापुढच्या सगळ्या घरांत मुंग्या. उत्तरायणाच्या दिवशी गच्च्यांवर गर्दी, मांजा आणि तारा यांची गुंतागुंत, आणि दुसऱ्या दिवशी केबलवाल्या पोराची शिडी घेऊन धावपळ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच मुलगा वही आणि पावतीपुस्तक घेऊन दारात येई. या मुलांचा उल्लेख या इतिहासात व्हायलाच हवा. उपग्रह अवकाशात कोणी सोडला हे नोंदलेले असते. पावसात भिजत जोड कोणी दुरुस्त केला हे कुठे लिहिलेले नसते.

१९९४-९५ च्या सुमारास स्टार मूव्हीजसारख्या वाहिन्या सांकेतिक स्वरूपात येऊ लागल्या आणि ‘पे चॅनल’ हा शब्द आपल्या तोंडी बसला. इथे अमेरिकेतल्या आणि आपल्या व्यवस्थेत एक मोठा फरक होता, आणि पुढचे बरेचसे भांडण त्यातून आले. तिकडे संकेत सोडवणारी पेटी प्रत्येक वर्गणीदाराच्या घरी असे. इकडे ती केबलवाल्याच्या खोलीत असे. तो संकेत सोडवून सगळ्या घरांना एकदम चित्र सोडत असे. घरातून पैसे एकरकमी जात. त्यांतले कोणत्या वाहिनीसाठी किती, हे ना घराला कळे ना वाहिनीला. केबलवाला आपली घरे किती हे स्वतःच सांगे, आणि खरी घरे व सांगितलेली घरे यांत मोठी तफावत असल्याची तक्रार वाहिन्या सतत करत. केबलवाल्याची बाजूही खोटी नव्हती. वाहिन्या दर वाढवत, नको त्या वाहिन्या हव्या त्यांच्या गठ्ठ्यात बांधून देत, आणि घरमालक दहा रुपये वाढवायला तयार नसे.

मराठी वाहिन्या आल्या त्या या व्यवस्थेत. दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९९४ पासून उपग्रहावरून मराठी वाहिनी सुरू केली होती, तिचे पुढे २००० मध्ये ‘सह्याद्री’ असे नाव झाले. १५ ऑगस्ट १९९९ ला झीने अल्फा मराठी काढली. ९ जुलै २००० ला हैदराबादहून ईटीव्ही मराठी सुरू झाली. त्याच वर्षी तारा समूहाचीही मराठी वाहिनी निघाली, ती फार टिकली नाही. आकाशातून या सगळ्या बडोद्यावरून जातच होत्या. प्रश्न खाली उतरवून घेण्याचा होता. त्या काळच्या पुष्कळ टीव्ही संचांवर मोजक्याच वाहिन्या लागत. तारेतल्या ठरावीक पट्ट्यात, ज्याला केबलवाले ‘प्राइम बँड’ म्हणत, जागा मिळाली तर जुन्या संचावरही चित्र स्वच्छ येई. वरच्या पट्ट्यात गेलेली वाहिनी अनेक घरांत लागतच नसे. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि त्या त्या राज्याच्या भाषेतली एक वाहिनी प्राइम बँडमध्ये दाखवणे बंधनकारक झाले. गुजरातेत गुजराती वाहिनी आधी हवी, याबद्दल कोणाचे दुमत असणार? पण त्यामुळे मराठी ही केबलवाल्याच्या मर्जीची गोष्ट राहिली, आणि मर्जी वळवायला माणसे लागत. ज्या पोळीत मराठी घरे दाटीने होती तिथल्या बायकांनी पावतीच्या दिवशी दारातच विचारायला सुरुवात केली, ‘भाई, मराठी चॅनल क्यारे आवशे?’ एकटे घर असेल तर उत्तर लांबणीवर पडे. दहा-बारा घरांनी मिळून विचारले की वाहिनी लागे. बडोद्यात मराठी वाहिनी आणली ती या विचारणाऱ्या काकूंनी आणि मावश्यांनी. हे माझे ठाम मत आहे, आणि ते या स्मरणिकेत छापले जावे असे मला वाटते.

लागल्यावर काय झाले? ‘आभाळमाया’ची वेळ ही घरातली वेळ झाली. मराठी शाळेत न गेलेली, गुजराती माध्यमात शिकलेली मुले आजीबरोबर बसून ‘प्रपंच’ आणि पुढे ‘वादळवाट’ पाहू लागली. आणि २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. दिलीप प्रभावळकरांचे आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन, मूळ लेखन प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’चे. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या नटाचा चिमणराव आपल्याला दिसला नव्हता, त्याच नटाला आता बडोद्यातली घरे मुंबई-पुण्याबरोबर, त्याच मिनिटाला पाहत होती. दुसऱ्या दिवशी दादरला फोन केला तर दोन्हीकडे एकच विषय. भाषा टिकते ती बोलण्याच्या विषयांमुळे, नुसत्या वर्गांनी आणि व्याख्यानमालांनी टिकत नाही. आपल्या संस्थांनी ही गोष्ट अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती.

तरीही या प्रेक्षकाची मोजदाद कुठेच होत नव्हती. वाहिन्यांची लोकप्रियता मोजणाऱ्या यंत्रणा मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा ही बाजारपेठ धरत. नागरवाड्यातल्या घराने रोज चार तास मराठी पाहिली तरी त्या आकड्यात भर पडत नसे, आणि मुंबईच्या जाहिरातदाराला त्या घराचे काही मोल नसे. वाहिनीपर्यंत या घराची खूण पोचायची तर ती वर्गणीतूनच. पण केबलवाल्याच्या वहीत खरी घरेच लिहिली जात नसतील तर ती खूणही पुसली जाई. पैसे भरणारे आपण होतो आणि तरी हिशेबात नव्हतो. या पहिल्या पर्वातली सर्वांत मोठी उणीव मी हीच मानतो.

ती भरून काढायचा पहिला प्रयत्न म्हणजे ‘कॅस’. २००२ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली. घरोघरी पेटी बसवायची, पे चॅनल निवडून घ्यायचे, बाकीच्या फुकट वाहिन्या एका ठरावीक रकमेत. २००३ च्या सप्टेंबरात ही योजना चेन्नईत लागू झाली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत २००७ उजाडताना. एका पे वाहिनीला महिना ५ रुपये ही कमाल मर्यादा ठरली. बडोदे त्यात नव्हते. आपल्याकडे दर गोठवले गेले तेवढेच. ज्यांना केबलवाल्याची मर्जी सांभाळायची नव्हती त्यांच्यासाठी वेगळी वाट उघडली होती. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००६ च्या ऑगस्टमध्ये टाटा स्काय. गच्चीवर छोटी छत्री लावली की केबलवाला मध्ये राहत नसे, आणि मराठीसाठी शेजारच्या दहा घरांची सोबतही लागत नसे. ज्या सोसायट्यांमध्ये एखादेच मराठी कुटुंब होते तिथे या छत्रीचे मोल फार होते.

केबलच्या घरांना पेटी मिळाली ती ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती. गुजरातेतून अहमदाबाद, सुरत, राजकोट आणि बडोदे. पेटीवर क्रमांक आला, क्रमांकावर घराचे नाव आले. १९७२ मध्ये विल्क्स-बॅरीतली ३६५ घरे पहिल्या रात्रीपासून मोजता येत होती. आपली घरे मोजायला एकेचाळीस वर्षे जास्त लागली. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली. २००५ मध्ये अल्फाचे नाव बदलून झी मराठी झाले होते, तिची किंमत महिना १९ रुपये ठरली. आपल्या भाषेच्या वाहिनीला आपल्या घरातून नेमके किती जातात हे नागरवाड्यातल्या माणसाला तेव्हा प्रथम छापील स्वरूपात दिसले.

१९९० ते २०१३ या काळातल्या आपल्या घरांची नोंद कोणत्याही कंपनीच्या दप्तरात धड सापडणार नाही, याचे कारण वर आलेच आहे. ती सापडली तर घरातच सापडेल. केबलच्या महिन्याच्या पावत्या, वाहिन्यांचे क्रमांक लिहून टीव्हीशेजारी चिकटवलेला कागद, मराठी वाहिनी लावावी म्हणून सह्या करून दिलेला अर्ज, असे काही जुन्या फायलींत किंवा ट्रंकेत असेल तर आपल्या मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावे. मूळ कागद हवा असल्यास प्रत काढून परत करू. पावतीवर तारीख आणि पोळीचे नाव असेल तर ती आधी आणा. कोणत्या वर्षी कोणत्या गल्लीत मराठी वाहिनी लागली, याची यादी तिच्यावरूनच करता येईल.